फोन ठेवा, मी करते

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या खात्याचे निवृत्त विभागीय अभियंता माननीय शंकरराव पाटणकर साहेब, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सगळे शनिवारची दुपार सोडून इथे जमलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती यशोधराबाई रोकडे, त्यांचे यजमान प्रमोदराव, कन्या माया, उल्हासनगर कॅम्प पाचहून टेम्पो करून आलेली रोकड्यांची सगळी आप्तमंडळी, अंबरनाथ आणि बदलापूरचे माझे जुने सहकारी, चामटोलीचे ग्रामस्थ, आणि बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार आणि जय भीम.

मी हिंदुराव घोरपडे. इथे दोन वर्षं उपविभागीय अभियंता होतो, आता साताऱ्याला असतो. बाईंनी स्वतः फोन करून बोलावलं. मी म्हटलं, नक्की येतो. त्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, या. पण भाषणात उगाच देवी-बिवी करू नका मला." तेव्हा मी आज स्तुती करणार नाही. मी एक कबुलीजबाब द्यायला आलो आहे. बदली झाल्यापासून तो माझ्याजवळ पडून आहे, आणि असला माल फार दिवस घरात ठेवू नये.

आमचं काम लोकांना दिसत नाही. फोन उचलला की आवाज येतो, एवढंच लोकांना ठाऊक. त्या आवाजामागे रस्त्याखालून गेलेली केबल असते, केबलीत शेकडो तारांच्या जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीच्या टोकाला कुणाचं तरी घर असतं, दुकान असतं, दवाखाना असतो. ही तार तुटू नये म्हणून आपण काय काय करतो? तांबं चोरणाऱ्यांवर पहारा, खोदकाम करणाऱ्यांशी भांडण, वीज गेली तर बॅटऱ्या, बॅटऱ्या उतरल्या तर जनरेटर. आणि गेली काही वर्षं वीज किती जाते ते बदलापूरकरांना मी सांगायला नको. पण तार न तोडता, कुदळ न मारताही फोन बंद पाडता येतो. नुसत्या बोलण्यानं. हे मला माझ्या पदवीनं शिकवलं नाही. यशोधराबाईंनी शिकवलं, आणि मी ते नीट शिकलो नाही म्हणून तर आज उभा आहे.

दोन हजार सहा सालच्या जूनमध्ये मी बदलापूरला रुजू झालो. बाई तेव्हा तळमजल्यावर तक्रार कक्षात बसायच्या. तक्रारीसाठी एकशे अठ्ठ्याण्णव लावलं तर यंत्र बोलायचं, पण गावात जवळजवळ सगळ्यांकडे कक्षाचा थेट नंबर होता, त्यामुळे लोक बाईंनाच फोन करायचे. कुठली जोडी चालू ठेवायची, दुरुस्तीसाठी कुठली काही वेळ बंद करायची, हे काम त्यांच्या टेबलावरून व्हायचं. टेबलावर एक वही असायची, खाकी कापडाचा पुठ्ठा घातलेली. लाईन बंद करायला सांगण्याचा अधिकार कुणाकुणाला आहे त्यांची नावं त्यात होती, आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाच्या कार्यालयाचा नंबर. पोलीस ठाणं, अग्निशमन केंद्र, रुग्णालय, कारखान्यांचे अधिकारी, आणि आम्ही साहेब लोक.

कुणी फोन करून म्हणालं की अमुक लाईन बंद करा, तर बाई नाव विचारायच्या आणि म्हणायच्या, "फोन ठेवा, मी करते." मग वहीतला नंबर फिरवायच्या. तिथे तोच माणूस भेटला आणि तो हो म्हणाला, तरच काम. समोरच्यानं दिलेल्या नंबरावर त्या कधीच फोन करायच्या नाहीत. लाईनवरची पोरं त्यांना मागून "फोनठेवाबाई" म्हणायची. बाईंना ते माहीत होतं. हसू नका. माया, तुलाही माहीत असणार.

ही सवय कुठून आली? मी एकदा विचारलं तर त्यांनी सांगितलं. बाई उल्हासनगरच्या एक्स्चेंजमध्ये नव्या लागल्या होत्या, चोवीस-पंचवीसच्या असतील. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फोन आला, मी वरच्या ऑफिसातून बोलतोय, अमुक कापडवाल्याच्या लाईनमध्ये बिघाड आहे, आठ दिवस बंद ठेवा. आवाज भारदस्त होता. बाईंनी बंद ठेवली. तो फोन केला होता शेजारच्याच कापडवाल्यानं. ऐन दिवाळीत याच्या ऑर्डरी बुडाल्या आणि त्याच्याकडे गेल्या. खरं कळल्यावर बाई स्वतः त्या दुकानात गेल्या आणि माझ्याकडून चूक झाली म्हणून सांगितलं. ते सिंधी शेठ म्हातारे होते. रागावले नाहीत. चहा मागवला आणि म्हणाले, "बेटी, आवाज पे भरोसा मत करना. जिसका नाम ले, उसी के घर जाके पूछना." बाईंनी दुसऱ्या दिवशी वही घातली.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

जुलैमध्ये कल्याणला आमची बैठक होती. पाटणकर साहेब वरच्या खुर्चीवर होते. एका कारखान्याच्या लाईनी दुसऱ्या केबलवर न्यायच्या होत्या, आणि साहेबांनी विचारलं, आज होईल का? मी नवीन, उत्साही. म्हटलं, आत्ता करवतो. बाहेर कॅन्टीनमध्ये गेलो आणि तिथल्या फोनवरून बाईंना सांगितलं, कॅन्टीनमधून बोलतोय, या जोड्या काढा.

बाई म्हणाल्या, "साहेब, कॅन्टीनचा नंबर माझ्या वहीत नाही."

मी म्हटलं, अहो, मी घोरपडे बोलतोय, आवाज ओळखत नाही का?

"ओळखते ना साहेब. बैठकीच्या हॉलचा नंबर आहे माझ्याकडे. तुम्ही तिथे जाऊन बसा. फोन ठेवा, मी करते."

मी तणतणत हॉलमध्ये परत गेलो आणि फोनपाशी उभा राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. साहेब विचारतात, घोरपडे, काय झालं? फोन वाजेच ना. अध्यक्षमहाराज, त्या हॉलचा फोन मेलेला होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. टेलिफोनवाल्यांच्या बैठकीतला टेलिफोन बंद. आपल्याला तेव्हा सांगायची माझी हिंमत झाली नाही, आज सांगतो. आपण हसताय म्हणजे क्षमा झाली असं मी धरून चालतो.

पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. वीस अधिकाऱ्यांसमोर माझी फजिती झाली होती. बदलापूरला परत आलो आणि बाईंना मेमो दिला. वरिष्ठांचा आदेश धुडकावल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर होता. दोन वाक्यांचा. मला पाठ आहे. "साहेबांचा आवाज मी ओळखला होता. परंतु आवाज वहीत लिहिता येत नाही."

मला तो उद्धटपणा वाटला. मी मेमो फाइलला लावला. त्याच महिन्यात बाईंच्या बढतीचे कागद वर गेले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर येऊ घातलेली बढती. मेमो पाहून कागद परत आले. बाई वर माझ्या केबिनमध्ये आल्या, कागद घेतले, सही केली आणि खाली जाऊन तक्रारी लिहू लागल्या. प्रमोदरावांचं पंख्यांच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांनी मला पुढे सांगितलं की ती त्या रात्री जेवली नाही, आणि विचारलं तर म्हणाली, आज भूक नाही. एवढंच. मंडळी, माणूस चिडला, भांडला तर आपल्याला सोपं जातं. बाईंनी मला ती सोय दिली नाही.

असे चार महिने गेले. नोव्हेंबर आला. गुरुवार होता. दुपारचा दीड वाजला होता. मी वर केबिनमध्ये डबा उघडून बसलो होतो. खाली बाईंचा फोन वाजला.

"मी घोरपडे बोलतोय. औद्योगिक वसाहतीच्या केबलीचं काम काढलंय. दोन ते चार ती अख्खी केबल बंद ठेवा."

बाई सांगतात की आवाज माझ्यासारखाच होता. माझं ते 'काढलंय, ठेवलंय' हेल काढून बोलणंसुद्धा त्यानं घेतलं होतं. बाईंनी नेहमीसारखं म्हटलं, साहेब, फोन ठेवा, मी करते. त्यावर पलीकडचा ओरडला, "पुन्हा तेच? मागचा मेमो विसरलात काय? या वेळी नोकरी जाईल."

इथे जरा थांबून विचार करा. माझ्या मेमोची गोष्ट त्याला कशी कळली? कळणारच. मी मेमो दिला आणि तो कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर चार महिने चघळला गेला. म्हणजे चोराच्या हातात जे हत्यार होतं ते मी त्याला दिलेलं होतं. बाई मला नंतर म्हणाल्या, "साहेब, मेमोचं ऐकल्यावर मला वाटलं हे तुम्हीच. मनात आलं, बंद करून टाकावी केबल आणि सुटावं." निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली बाई. एकदा बढती गेलेली. दुसरा मेमो आला तर काय होईल हे तिला पुरतं ठाऊक. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, म्हणून मी हा प्रश्न फार ताणत नाही.

बाईंनी फोन ठेवला. वही उघडली. घोरपडे साहेब, केबिन, आणि नंबर फिरवला.

माझ्या तोंडात घास होता. मी फोन उचलला. बाईंनी विचारलं, "साहेब, तुम्ही आत्ता मला फोन केला होता?"

मी म्हटलं, नाही.

"मग तुमच्या नावानं दुसऱ्या कुणी केला. वसाहतीची केबल दोन वाजता बंद करायला सांगतोय."

मला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तसा मी खरकट्या हातानं जिना उतरलो. बाई तोवर पोलीस ठाण्याला फोन लावून मोकळ्या झाल्या होत्या. पलीकडून हवालदार म्हणाले, बाई, फोन ठेवा, आम्ही करतो. आणि अर्ध्या मिनिटात त्यांचा उलटा फोन आला. त्यांना ही सवय कुणी लावली ते वेगळं सांगत नाही.

पुढचं तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. वसाहतीत तांब्याचं एक मोठं गोदाम होतं. गोदामाचं दार फोडलं की तारेवरून थेट मालकाकडे आणि पोलिसांकडे घंटा वाजायची. ती तार त्याच केबलीत. पोलीस साध्या कपड्यांत पोचले तेव्हा गोदामापासून पन्नास पावलांवर चार जण आमच्यासारखे खाकी कपडे घालून, शिडी टेकवून, केबलीची पेटी उघडून बसले होते. शेजारी रिकामा टेम्पो. रखवालदारानं त्यांना आपले लोक समजून पाणीही दिलं होतं. त्यातला एक पूर्वी केबलच्या ठेकेदाराकडे कामाला होता, अंबरनाथला खोली घेऊन राहत होता आणि आमच्या टपरीवर रोज चहा प्यायचा. त्यानंच माझा आवाज काढला होता. पोलिसांनी मला त्याच्यासमोर उभं केलं आणि दोघांना एकेक वाक्य बोलायला लावलं. मंडळी, खरं सांगतो, त्याचा घोरपडे माझ्यापेक्षा बरा होता.

चोर पकडले, तांबं वाचलं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात माझं नाव आलं आणि बाईंचं आलं नाही. गोष्ट इथे संपली असती. पण मला एक गोष्ट खात होती. त्या केबलीत गोदामाची तार होती, तशीच अग्निशमन केंद्राची होती आणि रुग्णालयाचीही होती. चोरांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. पण दोन ते चार ही केबल बंद राहिली असती तर काय झालं असतं? दोन दिवसांनी मी रुग्णालयात गेलो. तिथे फोनशेजारी एक वही असते, कुणाचा फोन आला ते सिस्टर लिहून ठेवतात. मी डॉक्टरीणबाईंना विनंती केली आणि गुरुवारचं पान पाहिलं. दोन ते चार, एकतीस फोन. कुणी तपासणीचा निकाल विचारलेला, कुणी डॉक्टर आहेत का म्हणून विचारलेलं. आणि दोन वाजून वीस मिनिटांपुढे लिहिलं होतं, चामटोली, हिरामण म्हसकर, बायकोला साप.

पुढच्या आठवड्यात मी चामटोलीला गेलो. हिरामणदादा अंगणातच भेटले. त्यांनी सगळं सांगितलं. भाताचे भारे उचलताना बकुळाताईंच्या पायाला घोणस चावली. गावात तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती. दादा दुकानातल्या फोनकडे पळाले. डॉक्टरीणबाईंनी फोनवरच सांगितलं, पाय हलवू नका, दोरी आवळू नका, कापू नका, कुणाकडे उतारा घ्यायला नेऊ नका, आडवं झोपवून जीपमधून सरळ इथे आणा, मी इंजेक्शन काढून दारात उभी आहे. घरात दोरी काढून झाली होती, आणि भगताकडे जायचं ठरत होतं. फोन झाला आणि ते राहिलं. जीप चाळीस मिनिटांत पोचली. बकुळाताई सहाव्या दिवशी चालत घरी आल्या. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, हिरव्या साडीत. ताई, लाजू नका, सगळे तुमच्याकडेच बघणार आता.

मी हिरामणदादांना विचारलं, फोन लागला नसता तर? दादा म्हणाले, "साहेब, फोन लागतो का नाय, ह्यो विचारच नाय आला डोक्यात. उचलला नि लागला." मग मी त्यांना यशोधराबाईंबद्दल सांगितलं.

तिथून परत आलो तो सरळ तळमजल्यावर गेलो. सगळे बसले होते. मी म्हटलं, बाई, मी मेमो मागे घेतो, आणि माझं चुकलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मेमोचं तुम्ही बघा साहेब. आधी तुमचा मोबाईल नंबर द्या, वहीत लिहायचा राहिलाय." सगळा कक्ष हसला. मीही हसलो. पाच महिन्यांत त्या खोलीत मी पहिल्यांदा हसलो असेन.

मेमो रद्द झाला. बढतीसाठी मी वर तीन पत्रं लिहिली, एकदा स्वतः गेलो. बढती आली, पण चौदा महिने उशिरा. ते चौदा महिने मला बाईंना परत करता आले नाहीत, आणि ते इथे सगळ्यांसमोर सांगितल्याशिवाय माझं आजचं जेवण गोड लागलं नसतं. पुढे खात्यानं त्यांना आसपासच्या एक्स्चेंजमध्ये ही पद्धत शिकवायला पाठवलं. उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण. साठ-सत्तर जणांना त्यांनी शिकवलं. त्यातल्या कीर्तीताई उद्यापासून... नाही, उद्या रविवार, सोमवारपासून बाईंच्या खुर्चीत बसतील.

आणखी एकच सांगतो. मग केटररचे लोक मला माफ करतील.

मी चामटोलीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार कक्षात फोन वाजला. मी तिथेच होतो. बाईंनी पेन उचललं आणि विचारलं, काय तक्रार आहे? पलीकडून हिरामणदादा बोलत होते. म्हणाले, "बाय, तक्रार काय नाय. फोन चालू हाय, येवढाच सांगायचा होता."

बाईंनी रजिस्टरमध्ये तारीख लिहिली, वेळ लिहिली, गाव लिहिलं, नाव लिहिलं. तक्रारीच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी तिथे लिहिलं, "नाही." आणि पदरानं चष्मा पुसला. मी विचारलं, काय झालं बाई? त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षांत पहिलाच."

मित्रहो, आपल्यापैकी जे जे लोक पाणी, वीज, फोन, रस्ता असलं काही सांभाळतात त्यांना हे कळेल. काम नीट झालं की कुणाला पत्ताच लागत नाही, आणि तसंच असायला हवं. पण कधीतरी एखाद्यानं फोन करून सांगावं. आपण कुणी बाईंना ते सांगितलं नव्हतं. चामटोलीच्या एका शेतकऱ्यानं सांगितलं.

बाई, आता तुम्ही काय करणार असं मी सकाळी विचारलं तर तुम्ही म्हणालात, मायाच्या मुलीला पोहायला शिकवणार, आणि त्याआधी स्वतः शिकणार. साठाव्या वर्षी. मला त्या तलावावरच्या शिक्षकाची काळजी वाटते, पण तुमची अजिबात नाही. प्रमोदराव, चौतीस अधिक तीन वर्षं तुम्ही घर, दुकान आणि पोर सांभाळलीत म्हणून या बाई पहाटेच्या पाळीला वेळेवर पोचल्या. तुमचेही आभार.

मला इतका वेळ दिल्याबद्दल संयोजकांचा, माझी कबुली हसत ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षमहाराजांचा, आणि उकाड्यात शांत बसल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलताना एखादं नाव राहिलं असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर घरच्या माणसाचं बोलणं समजून सोडून द्या.

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे की शाल आणि श्रीफळ श्री. घोरपडे यांच्या हस्ते. अध्यक्षांच्या परवानगीनं मी त्यात एक बदल करतो. बकुळाताई, जरा वर या. सावकाश, पायरी उंच आहे. हिरामणदादा, तुम्हीही या. ही शाल घ्या ताई, आणि तुमच्या हातानं बाईंच्या खांद्यावर घाला.